राहेलमावशीचं तिसरं कडवं

आई गेली त्या वर्षी जूनमध्ये वडिलांनी मला कोल्हापूरला, मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात आणून सोडलं. मी सहावीत होते. आमचं गाव गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या पोटात. घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. माझे वडील बाळासो पहाटे दूध संस्थेत जायचे आणि मग दिवसभर शेतात. माझ्याकडं बघणार कोण? आईचं आजारपण ज्या दवाखान्यात काढलं, तिथल्या एका नर्सबाईंनी त्यांना या वसतिगृहाचं सांगितलं होतं.

फाटकाशी माझी पत्र्याची पेटी खाली ठेवत वडील म्हणाले, "नंदा, हितं त्यांच्या देवाची गाणी म्हणायला लावत्यात म्हणं. म्हण तू. देवाचंच नाव हाय, त्यात काय वंगाळ न्हाय." आणि माझ्याकडं न बघताच ते रस्त्याला लागले.

मी रडत तिथंच उभी राहिले. इमारतीच्या मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्याच ठेक्यावर कुणीतरी बाई गात होती. आवाज काही गोड नव्हता. राखेनं कढई घासावी तसा खरखरीत होता. पण त्यात एक ऊब होती. मी त्या आवाजामागं गेले, तर मोठ्या चुलीपुढं एक उंच, काळीसावळी बाई बसलेली. कपाळ मोकळं, गळ्यात काळे मणी, कोपरापर्यंत पीठ.

"आलीस व्हय गारगोटीची?" ती म्हणाली. "रडायलीस? रड की. पण रडत रडत ती कोथिंबीर निवड."

मी कोथिंबीर निवडायला बसले. ही राहेलमावशी. राहेल चोपडे. वसतिगृहात स्वयंपाकाला होती आणि आम्हा सगळ्या पोरींना गाणी शिकवायची ती तीच.

मावशी मूळची मलकापूरकडची. तिचे वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते आणि स्वतः भजनं रचून म्हणायचे. शिक्षण मावशीचं बेताचंच. अक्षर लावून लावून वाचायची, त्यामुळं देवाबद्दल तिला जे काही ठाऊक होतं ते सगळं गाण्यांतून आलेलं. लग्न झालं हनोख चोपड्यांशी. ते कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वाजवायचे असे की वरातीतली घोडी थबकावी, असं लोक सांगत. मुलगी एस्तेर नुकती चालायला लागली होती तेव्हा हनोख इचलकरंजीला एका लग्नाची सुपारी घेऊन वाजवायला गेले, ते परत आलेच नाहीत. तिथंच दुसऱ्या एका बाईबरोबर राहिले. मावशीनं लेकीला काखोटीला मारलं आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात येऊन चूल धरली. एस्तेर आमच्यातच वाढली. माझ्यापेक्षा एका वर्गानं पुढं.

रोज संध्याकाळी जेवणाआधी व्हरांड्यात सतरंजी पडायची. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही आक्का म्हणायचो. त्या पेटी वाजवायच्या आणि मावशी टाळ घेऊन पुढं बसायची. पोरींत अर्ध्याअधिक माझ्यासारख्या गावाकडच्या, हिंदू घरच्या. कुणी कुणाला जबरदस्ती केली नाही. पण गाणी अशी होती की ओठ आपोआप हलायचे. मावशीच्या वडिलांनी रचलेलं एक भजन आम्हाला फार आवडायचं. त्याचं पहिलं कडवं असं होतं:

आलो तुझ्या दारी देवा, धूळ माझ्या पायी,
धुतलेस तू पाय माझे, लाज उरली नाही.

येशूनं शेवटच्या जेवणाआधी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्या गोष्टीवरचं हे गाणं. मावशीला गोष्ट रंगवून सांगता यायची नाही. ती एवढंच म्हणायची, "गुरू खाली बसला आणि शिष्य वर बसले. झालं. आता म्हणा."

गाणं 'आलं' कधी म्हणायचं, याबद्दल मावशीचा स्वतःचा एक कायदा होता. तो मला कळला निशिगंधामुळं.

निशिगंधा कुरुंदवाडच्या एका मास्तरांची मुलगी. वसतिगृहातला सगळ्यात सुरेल गळा तिचा. शाळांच्या स्पर्धेत तिला ढाल मिळालेली, त्याचा तोरा होताच. एका रविवारी आमच्यातल्या एका मुलीची आजी, शालूबाई, नातीला भेटायला आली. एस.टी. स्टँडवरून चिखलातनं अनवाणी चालत आलेली. टाचांना भेगा, त्यात चिखल वाळलेला. ती व्हरांड्याच्या पायरीशी घुटमळत उभी होती, वर येईना.

मावशीनं चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतलं आणि हाक मारली, "निशे, सकाळी चर्चमध्ये कुठलं कडवं म्हटलंस ग?"

"धुतलेस तू पाय माझे..." निशिगंधानं तिथल्या तिथं सुरात म्हणून दाखवलं.

"मग? पाणी तापलंय की."

निशिगंधाच्या आधी लक्षातच आलं नाही. मग तिचं तोंड लालबुंद झालं. "मी? त्यांचे? मी न्हाय धुणार," म्हणाली आणि तरातरा आत निघून गेली. मावशी रागावली नाही. स्वतः खाली बसली, शालूबाईंचे पाय धुतले, पदरानं पुसले, भेगांना तेल लावलं आणि त्यांना जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आक्कांनी पेटीवर तेच भजन काढलं. मावशीनं टाळ मांडीवर ठेवला. "आक्का, ते गाणं आपल्याला अजून येत न्हाय. दुसरं घ्या."

"येत नाही कसं? सगळ्यांना पाठ आहे," आक्का म्हणाल्या.

"तोंडाला येतंय. हाताला न्हाय आलं."

पुढं कितीतरी आठवडे ते गाणं आमच्या व्हरांड्यात झालं नाही. कुणी निशिगंधाला बोललं नाही, पण ती सगळ्यात मागं बसायला लागली. दिवाळीच्या सुट्टीआधी शालूबाई नातीला न्यायला आली, तेव्हा आम्ही बघतोय तर निशिगंधा बादली घेऊन पायरीशी हजर. शालूबाई कावरीबावरी झाली. "अगं बाय, नको नको! मास्तराची लेक तू, मला पापात पाडतीस व्हय?" निशिगंधा खाली बसली. पाय धुता धुता तिला रडू फुटलं, मग शालूबाईला फुटलं, आणि मग दोघी हसायलाही लागल्या. त्या संध्याकाळी मावशीनं आक्कांना सांगितलं, "घ्या आता."

चर्चमध्ये समुद्रे म्हणून पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. मोठे विद्वान, पण माणूस गोड. त्यांनी एकदा बायकांच्या सभेत मावशीला उभं केलं. "राहेलबाई, शिष्य होणं म्हणजे काय, यावर दोन शब्द सांगा."

मावशी उभी राहिली, पदर नीट केला. "मला दोन शब्द येत न्हाईत, पाळकसाहेब. मी गाणं म्हणतो. तुम्ही सांगा ते बराबर हाय का."

आमच्याकडं बायाही 'मी आलो, मी म्हणतो' असंच बोलतात. मावशी तर चर्चमध्येही तसंच बोलायची. तिनं त्याच भजनाचं दुसरं कडवं म्हटलं:

भाकर मोडून दिलीस मजला, हात होते रिते,
रित्या हातांना कळले तेव्हा, देणे काय होते.

म्हणून झाल्यावर ती सरळ खाली बसली. समुद्रे पाळक म्हणाले, "बरोबर आहे." त्या दिवशी त्यांनी पुढं काही सांगितलं नाही. सभा लवकर सुटली म्हणून आम्ही पोरी खूश झालो.

मावशी ते भजन कायम दोनच कडव्यांवर थांबवायची. आम्हाला वाटायचं ते तेवढंच आहे. मी नववीत असताना एकदा एस्तेर कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आजोबांचं गाणं तीन कडव्यांचं हाय. आई तिसरं म्हणत न्हाय." तिला ते आजोबांनी लहानपणी शिकवलेलं. तिनं मला हळूच म्हणून दाखवलं:

जसे मला तू पदरी घेतले, तसे मी घेईन त्याला,
दार उघडून म्हणेन 'ये रे', जो मज टाकून गेला.

मला राहवलं नाही. दुपारी तांदूळ निवडताना मी मावशीला विचारलं, "मावशी, तिसरं कडवं का म्हणत न्हाईसा?"

तिचा हात सुपात थांबला. "ते मला येत न्हाय."

"एस्तेरला येतंय की. तुमच्याच वडिलांचं हाय."

"शब्द येत्यात, नंदे," ती म्हणाली. "कडवं येत न्हाय." आणि पुन्हा खडे वेचायला लागली. निशिगंधाला लावलेला कायदा मावशीनं आधी स्वतःला लावलेला होता, हे मला तेव्हा उमगलं.

त्यानंतर फार दिवस झाले नसतील. एका दुपारी फाटकाशी एक गडी येऊन उभा राहिला. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला टोपी. तो गुंडू, हनोखच्याच बँडमध्ये ढोल वाजवायचा. मावशी भाकरी थापत होती. तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"वैनी, हनोखला सरकारी दवाखान्यात आणलंय. एक अंग गेलं त्येचं. वाचा पण गेलीया."

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.

"ती बाई?" तिनं विचारलं.

"ती भावाकडं निघून गेली. तिला तरी काय बोलायचं? हितं त्येच्यापाशी कोण न्हाय. म्या येतोजातो, पर माझं बी वय झालं, वैनी." गुंडूनं डोक्यावरची टोपी काढली. "तुमी यावं असं म्हनत न्हाय म्या. कळवायला पायजे म्हून आलो."

मावशीनं त्याला चहा दिला. गुंडू गेल्यावर उरलेल्या सगळ्या भाकरी तिनं तशाच गोल, तशाच पातळ थापल्या. पण गाणं नव्हतं. नुसता हाताचा आवाज येत होता. संध्याकाळी टाळ माझ्या हातात देत म्हणाली, "आज तुम्ही म्हणा." दुसऱ्या दिवशी पण तसंच. वसतिगृह किती सुनं सुनं वाटायला लागलं ते आम्हाला तेव्हा कळलं.

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं तांदळाची पातळ पेज केली, डब्यात भरली आणि मला म्हणाली, "चल माझ्यासंगं."

एस्तेर दारातच उभी होती. तिनं डबा बघितला, आईकडं बघितलं आणि आत निघून गेली.

दवाखान्यात लांबलचक वॉर्ड होता. शेवटच्या खाटेवर हनोख पडलेले. मी मनात कुणी दांडगा, देखणा माणूस धरून गेले होते. तिथं तोंड वाकडं झालेला, दाढी वाढलेला, अवेळी म्हातारा झालेला हडकुळा माणूस होता. मावशीला बघून त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसता घोगरा आवाज आला. चांगल्या बाजूचा हात वर आला.

मावशीनं उशी सारखी केली, त्यांच्या गळ्याशी रुमाल लावला आणि चमच्याचमच्यानं पेज भरवली. अर्धी बाहेर सांडायची, ती पुसायची, परत भरवायची. डबा रिकामा झाल्यावर उठली. येताना वाटेत मी विचारलं, "मावशी, त्यांना माफ केलंसा?"

"न्हाय ग," ती म्हणाली. "पेज दिली."

थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाली, "माफी कवा येईल तवा येईल. तोवर काय त्येला उपाशी ठेवायचा?"

मग ती रोज जायला लागली. दुपारचं आवरलं की डबा घेऊन निघायची, संध्याकाळच्या चुलीला परत यायची. कधी मी सोबत असायची, कधी दुसरी कुणी. दवाखान्यातनं सोडायची वेळ आली तेव्हा हनोखना न्यायला कोणी नव्हतं. आक्का म्हणाल्या, "राहेल, मुलींच्या वसतिगृहात पुरुषमाणूस नाही ठेवता यायचा." "मला ठाऊक हाय की," मावशी म्हणाली. समुद्रे पाळकांनी सदर बाजाराच्या मागं एक खोली बघून दिली. मावशी आणि गुंडूनं मिळून हनोखना तिथं नेलं. रात्री गुंडू तिथं झोपायचा, दिवसाचं सगळं मावशी वसतिगृहातनं येऊनजाऊन करायची. चर्चमधल्या काही बायका कुजबुजल्या. ज्यानं वाऱ्यावर सोडलं त्याला घरात घेतलं, हिला मान-अपमान काही आहे की नाही? मावशीनं ऐकलं आणि सोडून दिलं. त्या बायकांतल्याच एकीनं पुढं आठवड्याला अंडी पाठवायला सुरुवात केली.

एस्तेर मात्र त्या खोलीत एकदाही गेली नाही. "तू घेतलंस त्यांना. मी न्हाय घेतलेलं," ती आईला म्हणाली. मावशीनं तिला समजावलं नाही, रागावली नाही, देवाचं नावही काढलं नाही. रोज रात्री दार लावताना लेकीच्या अंगावर पांघरूण घालायची तेवढी तशीच घालत राहिली.

पावसाळा संपता संपता एका रविवारी गुंडूनं आणि दोघातिघांनी हनोखना खुर्चीतनं चर्चमध्ये आणलं. रविवारची उपासना, म्हणजे भक्ती, अर्ध्यावर आली तेव्हा पाळकांनी मावशीला गाणं म्हणायला सांगितलं. तिनं वडिलांचंच भजन धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. लोकांच्या सवयीनं ते तिथं संपायचं. तबलेवाल्यानं शेवटचा ठेका दिला, आक्कांनी पेटीचा भाता सोडला. मावशी तशीच उभी होती. आणि मग तिनं तिसरं उचललं.

साथीला काहीच नव्हतं. ते कडवं कुणाला ठाऊकच नव्हतं, त्यामुळं मागं म्हणणारंही कोणी नव्हतं. 'दार उघडून म्हणेन' इथपर्यंत आली आणि 'टाकून' या शब्दावर तिचा आवाज फाटला. ती थांबली. आता बसते की काय, असं मला वाटलं. पण तिनं घसा खाकरला आणि कडवं पहिल्यापासून परत धरलं. या वेळी पार शेवटपर्यंत गेली. सुरात होती असं मी म्हणणार नाही. हनोखच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती आणि त्या एका डोळ्यातनं पाणी गालावर, गालावरनं सदऱ्यावर पडत होतं. दारात चपला काढून उभा असलेला गुंडू टोपीनं डोळे पुसत होता.

मावशीचं शेवटचं चरण चालू असताना एस्तेर उठली आणि बाहेर गेली. मावशीनं ते पाहिलं, पण गाणं मधे तोडलं नाही.

भक्ती सुटल्यावर एस्तेर अंगणात, चिंचेखाली उभी होती. मी तिच्याजवळ गेले, तोवर मावशी आली.

"तू म्हटलंस म्हणून मी म्हणायचं असं काय न्हाय," एस्तेर म्हणाली. आवाज चढलेला होता. लोक वळून बघायला लागले.

"न्हाय की," मावशी म्हणाली. "ज्याचं त्यानं म्हणायचं असतंय. मला किती वर्षं लागली ते तू बघितलंस."

"आणि मला कधीच आलं न्हाय तर?"

"तर न्हाय. तू माझी लेकच ऱ्हाशील."

एस्तेर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. पण त्या दिवशीही ती वडिलांच्या खुर्चीपाशी गेली नाही.

मी दहावी होऊन वसतिगृह सोडलं. पुढं कोल्हापुरातच डी.एड. केलं, शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, संसार इथंच मांडला. सदर बाजाराच्या बाजूला गेले की हनोखच्या खोलीत डोकावायची. हनोख बोलू लागले नाहीत, पण मावशी गायला लागली की चांगल्या हातानं पत्र्याच्या ताटलीवर ताल धरायचे. तालात एक तसूभर चूक नसायची. एस्तेर नर्स झाली होती आणि आईला भेटायला वसतिगृहावरच यायची.

मग मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हनोखची दाढी ती करायची, त्या वेळी एकदा वस्तरा लागला आणि गाल चिरला. हे एस्तेरच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी ती खोलीच्या दारात उभी राहिली, हातात दाढीचं सामान. मी योगायोगानं तिथं होते.  एस्तेरनं चपला काढल्या, वडिलांसमोर स्टूल ओढलं, साबणाचा फेस केला आणि एका हातानं त्यांची हनुवटी धरून दाढी करायला लागली. वाकड्या झालेल्या बाजूची कातडी दोन बोटांनी ताणून, फार जपून. हनोख डोळे मिटून बसले होते. दाढी झाली, तिनं तोंड पुसलं, सामान गुंडाळलं, आईला "येतो" म्हणाली आणि गेली. वडिलांशी एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर हनोख गेले तोपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी ती येत राहिली. मी एकदा मावशीला म्हटलं, "एस्तेरनं अखेर म्हटलं म्हणायचं की."

"तिनं म्हटलं न्हाय. आजूनबी म्हणत न्हाय," मावशी म्हणाली. "नुसतं केलं. माझ्या पुढं गेली ती."

हे सांगताना तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी आजवर विसरलेले नाही. हनोखच्या मातीला एस्तेर सगळ्यात पुढं होती. सगळे गात होते तेव्हा ती ओठ मिटून उभी होती, पण आईचा हात तिनं धरलेला होता.

वसतिगृह आता बंद झालंय. तो व्हरांडा पाडून तिथं शाळेच्या वर्गखोल्या झाल्यात. चर्चमध्ये कीबोर्ड आला, ड्रम आले, भिंतीवर गाण्याचे शब्द दिसायला लागले. मोहित नावाच्या एका तरुणाचा गट आता गाणी म्हणतो. गिटार घेऊन, डोळे मिटून, मोठ्यानं. जुनी माणसं कुरकुरतात. मला वाटलं होतं मावशीही कुरकुरेल. पण ती पहिल्या बाकावर बसून मान हलवत ऐकते. मोहितनं एकदा तिला विचारलं, "आज्जी, आमचं म्हणणं आवडलं का?"

"चांगलं म्हणतासा की. आता सोमवारी काय करणार?"

तो हसला. पण मावशी उत्तराची वाट बघत राहिली, तेव्हा त्याचं हसू मावळलं.

एकोणीस सालच्या महापुरात कुरुंदवाडकडची कुटुंबं चर्चच्या सभागृहात येऊन राहिली होती. मी आमच्या शाळेतल्या शिक्षकांबरोबर मदतीला गेले होते. मावशी पासष्टीच्या घरात, तरी चार बायका घेऊन भाकरी थापत होती. मोहितचा गट संध्याकाळी लोकांना धीर म्हणून गाणी म्हणायचा. पाणी उतरलं, लोक घरी परतायला निघाले, तेव्हा मावशी मोहितला म्हणाली, "गिटार हितं ठेव. फावडं घे." तो पंधरावीस पोरापोरींना घेऊन कुरुंदवाडला गेला. घराघरांत गुडघाभर गाळ होता. कुजलेल्या धान्याच्या वासानं पोरं पहिल्या दिवशी ओकली. पण कुणी परतलं नाही. गाळ ओढता ओढता त्यांनी गाणं धरलं तेव्हा त्याला ना ड्रम होते ना गिटार. फावड्यांचाच आवाज होता. एका घरची म्हातारी मोहितला म्हणाली, "पावणं, तुमचा देव कुठला मला ठावं न्हाय, पर त्येला हितं बोलवून आनलासा की." हे मोहितनंच मला सांगितलं. 

आता मावशी एस्तेरकडं राहते, कसबा बावड्यात. ऐकायला कमी येतं. गुडघे साथ देत नाहीत. गेल्या रविवारी मी गेले तर ती खिडकीशी खुर्चीत बसून मोबाइल कानाला लावून काहीतरी ऐकत होती. मोहितनं त्यांच्या गटाचं नवं गाणं पाठवलं होतं.

"नंदे, बरं झालं आलीस. हे पोरगं काय म्हणतंय ते नीट ऐकून सांग बघू. भराभरा म्हणतंय, मला धरायला येईना."

मी एक ओळ ऐकायची, तिला कानाशी मोठ्यानं सांगायची, ती माझ्यामागं म्हणायची. चाल तिच्या तोंडी पार बदलून जात होती. मधेच तिनं हात वर करून मला थांबवलं.

"हे मधी मधी 'ओ ओ ओ' हाय, ते पण म्हणायचं व्हय?"

"म्हणायचं की. गाण्यातच हाय ते."

"मग म्हणूया."

आम्ही दोघी 'ओ ओ ओ' करायला लागलो. ती माझ्यापेक्षा मोठ्यानं. स्वयंपाकघरातनं एस्तेर ओरडली, "हळू ग! शेजारचं बाळ आत्ता कुठं झोपलंय!" मावशीला ते ऐकू गेलं नाही. ती डोळे मिटून पुढची ओळ विचारत होती.